ऑफिसं बंद होती, तरी लोक ‘ऑफिस’च का बघत होते?

२०२० साल. कोरोनामुळे ऑफिसं बंद, माणसं घरात. डायनिंग टेबलवर लॅपटॉप मांडून मीटिंगा सुरू. अशा वर्षात अमेरिकेतल्या लोकांनी स्ट्रीमिंगवर सगळ्यात जास्त काय पाहिलं असेल? थ्रिलर? सुपरहिरो? नाही. ऑफिस!

प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सन या कंपनीच्या आकडेवारीनुसार, ‘द ऑफिस’ ही विनोदी मालिका त्या एका वर्षात अमेरिकेत ५,७०० कोटींहून जास्त मिनिटं पाहिली गेली. वर्षांत मोजलं तर हा वेळ एक लाख वर्षांपेक्षा जास्त भरतो. आणि तेव्हा ही मालिका संपून सात वर्षं झाली होती.

ज्या ऑफिसला लोक रोज शिव्या घालतात, ते बंद झाल्यावर पडद्यावर का बघावंसं वाटलं असेल?

वाईट बॉसवर हसणं पुरेसं नव्हतं

मूळ ‘द ऑफिस’ ब्रिटनमधली. रिकी जर्वेस आणि स्टीफन मर्चंट यांनी २००१ मध्ये ती बीबीसीसाठी केली. कागद विकणारी एक कंपनी आणि तिथला डेव्हिड ब्रेंट नावाचा बॉस. हा स्वतःला भारी विनोदी समजतो, पण त्याच्या जोकवर कुणी हसत नाही. दुसऱ्या सीझनच्या शेवटी त्याचीच नोकरी जाते आणि तो वरिष्ठांपुढे गयावया करतो. बघणाऱ्याला हसावं की तोंड लपवावं कळत नाही.

२००५ मध्ये अमेरिकेत तिची नवी आवृत्ती आली. पहिल्या सहा भागांतला बॉस मायकल स्कॉट जवळपास ब्रेंटसारखाच कडू होता. दुसऱ्या सीझनपासून लेखकांनी त्याला थोडा बदलला. वेडपटपणा तसाच ठेवला, पण आपल्या माणसांवर त्याचा जीव आहे हे दिसू लागलं. मालिकेने जोर धरला आणि २०१३ पर्यंत २०१ भाग झाले.

म्हणजे लोकांना बॉसवर हसायचं होतंच, पण अशा कंटाळवाण्या जागेत काही चांगलं सापडतं का, हेही बघायचं होतं.

पॅमचं चित्र

याचं उत्तम उदाहरण तिसऱ्या सीझनमध्ये आहे. ऑफिसची रिसेप्शनिस्ट पॅम हिला चित्रकार व्हायचंय. तिच्या चित्रांचं छोटं प्रदर्शन लागतं. ती सगळ्यांना बोलावते आणि जवळजवळ कुणीच फिरकत नाही. जो सहकारी येतो, त्याच्यासोबतचा माणूस चित्रांना नावं ठेवतो आणि ते तिच्या कानावर पडतं.

ती आवराआवर करत असताना मायकल पोहोचतो. त्याला चित्रकलेतलं काही कळत नाही. पण पॅमने काढलेलं त्यांच्याच ऑफिसच्या इमारतीचं चित्र बघून तो हरखतो, ते विकत घेतो आणि ऑफिसच्या भिंतीवर लावतो. पॅमचे डोळे भरून येतात.

या प्रसंगात ना पगारवाढ आहे ना प्रमोशन. तू जे करतेस ते मला दिसतंय, एवढंच कुणीतरी तिला सांगितलं. रोज आठ-नऊ तास जिथे घालवतो तिथे हे न मिळणं हे अनेकांचं खरं दुखणं असतं.

नोकरी, करिअर की ध्यास?

एमी रेझनेस्की या अमेरिकी संशोधिकेने १९९७ मध्ये सहकाऱ्यांसोबत मांडलं की लोक कामाकडे तीन नजरांनी बघतात. काहींसाठी ती पगारापुरती नोकरी असते, काहींसाठी वर चढायची शिडी, तर काहींसाठी ध्यास. गंमत म्हणजे एकाच पदावरची माणसंही तिन्ही गटांत सापडतात.

पुढे २००१ मध्ये जेन डटन यांच्यासोबत त्यांनी हॉस्पिटलमधल्या सफाई कर्मचाऱ्यांचं उदाहरण दिलं. काही जण नेमून दिलेली साफसफाई करून मोकळे व्हायचे. काही जण मात्र पेशंटशी, नातेवाइकांशी बोलायचे, रुग्ण बरा होण्यात आपलाही हात आहे असं मानायचे. कामाचं नाव तेच, पण त्यांनी त्याला आपल्या परीने आकार दिला होता.

विनोदी मालिकांतली माणसंही हेच करतात. ‘द ऑफिस’मधला जिम सहकाऱ्याचा स्टेपलर जेलीत बुडवून ठेवतो, कारण दिवसातला तेवढाच भाग त्याच्या हातात असतो!

रांगेतून खुर्चीपर्यंत

आपल्याकडे हाच प्रवास वेगळ्या वाटेने झाला. २००१ मध्ये आलेल्या ‘ऑफिस ऑफिस’मध्ये पंकज कपूर यांचा मुसद्दीलाल एका साध्या कामासाठी सरकारी टेबलांपुढे हेलपाटे घालायचा. आपण ऑफिसकडे रांगेत उभं राहून बघत होतो. खुर्चीतला माणूस म्हणजे खलनायक.

२०२० मध्ये आलेल्या ‘पंचायत’मध्ये कॅमेरा खुर्चीच्या बाजूला गेला. इंजिनिअर झालेला अभिषेक दुसरी बरी नोकरी मिळत नाही म्हणून फुलेरा गावात पंचायत सचिव होतो. पगार २० हजार, राहणं ऑफिसातच. रात्री अभ्यास करून कॅट द्यायची आणि इथून सुटायचं, एवढाच प्लॅन. स्पर्धा परीक्षांच्या खोल्यांत वर्षं काढलेल्या मराठी मुलांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पण मालिका पुढे जाते तशी विकास, प्रल्हाद आणि प्रधानजी ही त्याची माणसं होतात. दुसऱ्या सीझनच्या शेवटी प्रल्हादचा सैनिक मुलगा जातो, तेव्हा हीच ‘ऑफिसची मंडळी’ त्याच्यासोबत असतात. अभिषेकची नोकरी तीच राहिली, पण ती त्याला आता एकट्याने ओढावी लागत नव्हती.

मग हसून प्रश्न सुटतो का?

नाही. गॅलपच्या २०२५ च्या अहवालानुसार जगभरात १०० पैकी साधारण २१ कर्मचारीच कामात मनापासून गुंतलेले आहेत. बॉसवरचा रील मित्राला पाठवला की हलकं वाटतं, पण रात्री अकराचा मेसेज त्याने थांबत नाही.

इथे एक धोकाही आहे. ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ हे वाक्य कंपनीच्या तोंडी आलं की बऱ्याचदा पुढे जास्तीचं काम येतं. मालिकांमधला जिव्हाळा मॅनेजमेंटने वाटलेला नसतो. तो शेजारच्या टेबलांमध्ये आपोआप तयार होतो.

काही मालिका हा फरक थेट दाखवतात. ‘सुपरस्टोअर’ या अमेरिकी मालिकेच्या पहिल्या सीझनअखेर दुकानात काम करणारी एक मुलगी बाळंत होते. पगारी रजा नाही. मॅनेजर पळवाट काढून तिला रजा देतो, तर त्यालाच काढून टाकलं जातं. मग बाकीचे कर्मचारी काम सोडून बाहेर पडतात. एरवी एकमेकांची टिंगल करणारी माणसं त्या दिवशी एकत्र येतात.

म्हणून पुढच्या वेळी ऑफिसवरच्या एखाद्या रीलला ‘अगदी माझंच’ अशी कमेंट टाकाल, तेव्हा नेमकं काय आपलं वाटलं ते बघा. बॉस, पगार, एकटेपणा की कुणी दखल घेत नाही हे? कारण कळलं तर पुढे कुणाशी काय बोलायचं हेही कळतं.

‘द ऑफिस’च्या शेवटच्या भागात पॅम ऑफिस सोडते, तेव्हा भिंतीवरचं ते चित्र काढून सोबत नेते. इतक्या वर्षांच्या नोकरीतून तिला तेवढंच न्यावंसं वाटतं.