वजनाचा काटा मध्येच का अडतो?

घरात कोणी वजन उतरवण्याच्या खटपटीत असेल, तर ही तक्रार तुम्ही ऐकली असेल : "सुरुवातीला भराभर उतरले. आताही जेवण बेताचेच आहे, फिरणेही चालू आहे. पण काटा हलत नाही. उद्यापासून रात्रीचे जेवणच बंद!" थांबा. त्यांना आधी एक प्रयोग दाखवा.

उभट डब्याला तळाजवळ बारीक भोक पाडा व वरून नळाची धार सोडा. थोड्या वेळाने पातळी स्थिर होईल. आता धार कमी करा. पातळी उतरू लागेल. पण ती उतरली की भोकापाशी दाब घटतो आणि पाणी हळू बाहेर पडते. शेवटी येणारे व जाणारे पाणी सारखे होऊन पातळी पुन्हा स्थिरावते.

शरीराचेही असेच आहे. अन्नातील ऊर्जा ही धार, तर खर्च होणारी ऊर्जा ही भोकातून जाणारे पाणी. १० मीटर उंच जिना चढताना ८० किलोच्या माणसाला ७८४० ज्यूल कार्य करावे लागते; ७२ किलोच्या माणसाला ७०५६ ज्यूल पुरते. वजन घटले की खर्चही घटतो.

शिवाय शरीर काटकसर करते ती वेगळीच. १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांना २४ आठवडे जवळजवळ निम्म्या आहारावर ठेवले. त्यांचे वजन सुमारे पाव हिश्शाने घटले. विश्रांतीच्या वेळचा ऊर्जाव्यय मात्र सुमारे ४० टक्क्यांनी घटला! नाडी मंदावली, थंडी वाजू लागली, मनात सतत अन्नाचेच विचार येऊ लागले.

चरबीच्या पेशी 'लेप्टिन' हे संप्रेरक सोडतात, हे १९९४ साली कळले. चरबी घटली की ते कमी होते व भूक वाढते. मग नकळत ताटात घास-दोन घास जास्त पडतात.

यावर उपाय उपासमारीचा नाही; तिने स्नायूही झिजतात. नव्या वजनानुसार आहाराचा हिशेब पुन्हा मांडावा. डाळ, उसळी, दूध यांतून प्रथिने घ्यावीत. चालण्याला जोर-बैठकांची जोड द्यावी, झोप पुरेशी घ्यावी. शरीरातील पाण्यामुळे वजन रोज थोडे वरखाली होते, म्हणून काही आठवड्यांच्या नोंदी पाहाव्यात.

तुमचे वय मात्र वाढीचे आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तुम्ही जेवण मुळीच तोडू नका.