नव्या चाकूची उसनी धार

घरचं लोखंड : लेखांक ९

खंडेनवमीला आमच्याकडे ओसरीवर पाट मांडून घरातलं सगळं लोखंड पुजतात. विळे, खुरपी, कुऱ्हाड, फवारणी पंपाचा पाना, आजीचा अडकित्ता. यंदा त्या ओळीत एक नवा पाहुणा होता. पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याने मागवलेला घडीचा चाकू, साडेआठ हजारांचा. मूठ कार्बन फायबरची, पातं अंगठ्याच्या एका ढकलीत उघडणारं, उघडलं की ‘टक्’ करून जागेवर बसणारं. हळदीकुंकू लागलं, झेंडू वाहिला आणि कोहळा कापायची वेळ आली तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, याच्यानंच कापू.”

पातं सालीवरून घसरलं. दुसऱ्या वेळी त्याने जोर लावला तेव्हा आत गेलं खरं, पण कापत गेलं नाही, पाचर ठोकावी तसं फाकवत गेलं. शेवटी आईने ओळीतला विळा उचलून त्याच्या हातात दिला. सोयाबीनच्या काढणीसाठी दोन दिवसांपूर्वीच पाजवून आणलेला. दीडशे रुपयांचा.

घरच्यांना दिवसभर तो विषय पुरला. भाचा मात्र खरोखर चिडला होता, आणि मला त्याचा राग रास्त वाटला. म्हणून अडकित्त्याचा लेख एक आठवडा पुढे ढकलून हा मध्येच घेतोय.

आधी आपल्या बाजूचं एक मान्य करू. आमच्या बेंबळी गावात नवं खुरपं बाजारातून आणून कुणी थेट रानात नेत नाही. आधी ते लोहाराकडे जातं किंवा धारेच्या दगडावर घासलं जातं. दुकानदार धार विकतच नाही. तो घडवलेलं लोखंड विकतो आणि घेणाऱ्यालाही ते माहीत असतं. जपानात स्वयंपाक्यांच्या पारंपरिक सुऱ्यांचीही हीच रीत होती. शेवटची धार दुकानात किंवा वापरणाऱ्याच्या हाताने लागायची. यात फसवणूक कुठेच नाही, कारण किंमत आणि अपेक्षा दोन्ही आधीच ठरलेल्या. भाच्याच्या चाकूच्या खोक्यावर मात्र वस्तऱ्यासारख्या धारेची ग्वाही छापलेली आहे. खुरप्याचा न्याय त्याला लावता येणार नाही.

धार म्हणजे नक्की काय? दोन उतार जिथे मिळतात ती रेघ. ही रेघ जितकी बारीक, तितकं कमी जोरात काम. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होवेन यांनी २००४ साली निवृत्तीनंतरच्या हौसेपोटी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धारा तपासल्या. दाढीच्या पात्याची रेघ अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास निघाली. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धरला, तर केसाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही बारीक. म्हणूनच चांगली धार डोळ्यांना दिसत नाही. पातं धार वर करून दिव्याखाली धरा. जिथे रेघ चमकते तिथे ती बोथट आहे, कारण उजेड परतायला सपाट जागा लागते. भाच्याचा चाकू असा धरला तर मुठीपाशी बोटभर लांबीत चकाकी होती. टोकाकडे मात्र काहीच चमकत नव्हतं. म्हणजे तिथे तरी धार आहे, असं आम्हाला वाटलं.

पण ती उसनी होती. कारखान्यात पातं फिरत्या पट्ट्यावर घासताना उताराचं पोलाद झिजतं आणि अगदी कडेचं पातळ पोलाद कापलं न जाता पलीकडे दुमडतं. वर्कशॉपात याला ‘बर’ म्हणतात. ही बर एखाद्या कपट्यासारखी पातळ असते, त्यामुळे ती हातावरचे केसही काढते. दुकानातली परीक्षा ती हमखास पास होते. तीन टोमॅटो कापले की वळते किंवा तुटते, आणि तिच्यामागे उरते जाड कड. नवा चाकू पहिल्या दिवशी छान चालला आणि आठवड्यात बसला, अशी तक्रार ऐकू आली की ऐंशी टक्के संशय या बरीवर घ्यावा. हा आकडा माझ्या अंदाजाचा, शास्त्राचा नाही. बर ओळखायला आपल्या घरी सोपं साधन आहे: कापूस. बोंडातला थोडा कापूस धारेला हलकेच लावून मुठीकडून टोकाकडे ओढायचा. बर असेल तिथे तंतू अडकून राहतात. भाच्याच्या चाकूला टोकाकडे चांगली मिशी आली.

कारखान्यात बर काढायला वेळ नसतो असं नाही, त्या वेळेचे पैसे कुणी देत नाही. पातं यंत्रावर कापलं जातं, संगणकाने सांगितलेल्या तापमानाच्या भट्टीत तापतं, विझतं, दोन्ही बाजूंनी घासून एकसारखं होतं. इथपर्यंत सगळं मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजलेलं. आणि अगदी शेवटी, बऱ्याच ठिकाणी, एक कामगार ते हातात धरून फिरत्या पट्ट्यावर टेकवतो. कोन त्याच्या मनगटात. थोडा वेळ ही बाजू, थोडा वेळ ती बाजू, पुढचं पातं. एका बाजूचा उतार रुंद, दुसरीकडचा अरुंद, मुठीपाशी पट्टा नीट पोचलाच नाही, हे सगळं तिथे घडतं. दुकानात गिऱ्हाईक काय तपासतं? कुलूप घट्ट आहे का, पातं मधोमध मिटतं का, पॉलिश कसं आहे. मग मेहनतही तिथेच जाते.

त्या पट्ट्यावर आणखी एक नुकसान होतं, आणि ते दिसतही नाही. लोहार विळ्याला पाणी कसं देतो हे मागच्या लेखांकात पाहिलं. लालभडक तापवून पाण्यात विझवलं की पोलाद कडक पण काचेसारखं ठिसूळ होतं. मग ते पुन्हा थोडं तापवून ठिसूळपणा काढायचा. साध्या पोलादावर गवती पिवळा रंग आला की साधारण २२० ते २३० अंश सेल्सियस, निळा चढला की ३०० च्या घरात. लोहार या रंगांवर नजर ठेवून असतो, कारण निळ्याच्या पुढे गेलं की पाणी उतरलं. आता विचार करा, भट्टीतून नीट पाणी चढवून आलेल्या पात्याची सर्वांत पातळ जागा कोणती? धारच. आणि कोरड्या वेगवान पट्ट्यावर घासून घासून तापते तीही धारच. तेवढ्या पातळ कडेला उष्णता पसरायला जागा नसते. क्षणभरात तिचं पाणी उतरतं. पातं कडक राहतं, कड मऊ होते. नवा चाकू दोन-तीनदा दगडावर लावल्यावर सुधारला असं लोक सांगतात, त्यामागे बहुधा हेच आहे. मऊ झालेली कड झिजून गेली, खालचं निकोप पोलाद वर आलं. आमच्या लोहारमामांना हे सांगितलं तर म्हणाले, “म्हणून तर मी दगडावर पाणी सोडतो, तुमच्या कंपनीला पाण्याचं बिल येतं का?”

कोहळ्यातली पाचर मात्र वेगळ्या कारणाने. धार कितीही बारीक केली तरी तिच्यामागचं पातं जाड असेल तर कापायला जोर लागतोच. कांदा कापताना दोन फोडी ‘कट्’ आवाज करून फुटतात, तेव्हा चाकू कापत नसतो, फाडत असतो. भाच्याच्या चाकूची पाठ जवळपास चार मिलिमीटर, आणि धारेच्या जरा वरही जाडी फारशी कमी झालेली नाही. असं का करतात? पातळ धारेला कुणी डबा उघडायला गेलं की खड्डा पडतो आणि चाकू तक्रारीसकट परत येतो. जाड धार मोडत नाही, म्हणून ती परतही येत नाही. नुसतं कापत नाही म्हणून चाकू परत पाठवणारे थोडेच. याउलट स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचा लाल चाकू बघा. १८९७ साली नोंदणी झालेला, पोलाद फार कडक नाही, पातं अडीच मिलिमीटरच्या आत, किंमत भाच्याच्या चाकूच्या तुलनेत किरकोळ. सफरचंद तो बिनबोभाट कापतो.

मग महागड्या पोलादाचा उपयोग काय? उपयोग आहे, पण तो धार टिकण्यात, धार असण्यात नाही. भाच्याचा चाकू एस-३०-व्ही नावाच्या पोलादाचा आहे. हे पोलाद २००१ च्या सुमारास खास चाकूंसाठी अमेरिकेत काढलं. त्यात १.४५ टक्के कार्बन, १४ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम. व्हॅनेडियम आणि कार्बन मिळून पोलादात जे बारीक खडे तयार होतात, ते कुरुंदाच्या दगडाहूनही कठीण. त्यामुळे आपल्या नेहमीच्या दगडावर हे पातं घासलं तर आजूबाजूचं पोलाद झिजतं, खडे मात्र तसेच राहतात. तासभर घासूनही हाताला धार लागत नाही. कारखान्याने वाईट धार द्यायची आणि ती घरी दुरुस्तही होऊ नये, हा भाच्यावर दुहेरी अन्याय.

व्हॅनेडियमची ओळख आपल्या मुलखाला मात्र जुनी आहे. आज तेलंगणात असलेलं कोनासमुद्रम आणि आपला धाराशिव जिल्हा १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. कोनासमुद्रममध्ये मुशीत वितळवून पोलादाच्या वड्या करत, आणि इराणचे व्यापारी त्या घ्यायला तिथवर येत. हेन्री व्हॉयसी या इंग्रज अधिकाऱ्याने केलेलं तिथल्या कामाचं वर्णन १८३२ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापलं गेलं. दमास्कसच्या म्हणून गाजलेल्या तलवारींवर लाटांची जी नक्षी दिसते ती अशा हिंदुस्थानी पोलादातली, आणि ती उमटण्यात खनिजातून आलेल्या किंचितशा व्हॅनेडियमचा मोठा हात आहे, हे १९९८ मध्ये दाखवून देणाऱ्यांत हेच व्हर्होवेन होते. केसाच्या शंभराव्या हिश्श्याची धार मोजणारे. मला या योगायोगाचं फार अप्रूप वाटतं, लेखाशी त्याचा संबंध थोडा ताणलेला असला तरी.

दसऱ्यानंतर शेजारच्या बागेत द्राक्षाचं कलम भरायला माणसं आली होती. भाचा चाकू घेऊन तिकडेही गेला. डॉगरीज जातीच्या खुंटावर पाचर कलम करताना काडीला दोन बाजूंनी सरळ, गुळगुळीत काप द्यावा लागतो. खुंट आणि काडीच्या सालीआतला हिरवा थर एकमेकांना चिकटून बसला तरच डोळा फुटतो. चाकूने तो थर चेंगरला की काडी वाळते. कलमवाल्याने भाच्याचा चाकू हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि परत दिला. “दोन्हीकडून उतार आहे दादा, ह्याचा काप पोट काढतो.” त्याच्या चाकूला एकाच बाजूने उतार, दुसरी बाजू दगडावर पालथी घालून सपाट केलेली. दर दहा-पंधरा काड्यांनंतर तो तळहाताएवढ्या कातड्यावर दोनदा पातं ओढायचा. त्याचा चाकूही बाजारातून आला तेव्हा सपाट बाजूला उतार होताच. तो काढायला त्याला एक अख्खी संध्याकाळ लागली होती.

शेवटी आम्ही हिऱ्याची भुकटी बसवलेली एक पट्टी मागवली. काळ्या मार्करने दोन्ही उतार रंगवले, म्हणजे पट्टी कुठे लागते आणि कुठे नाही ते लगेच कळतं. पहिला अर्धा तास नुसता मुठीपाशी गेला. एका बाजूने घासत राहायचं, पलीकडे पूर्ण लांबीभर बर हाताला लागली की बाजू बदलायची, मग हात हलका, आणखी हलका, आणि शेवटी जुन्या कमरपट्ट्याच्या आतल्या बाजूवर बर काढायची. कापूस अडकेनासा झाला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. जाड पातं तेवढं जाडच राहिलं, त्याला घरी इलाज नाही. पण टोमॅटोचं साल आता ते नुसत्या वजनाने धरतं. पट्टी भाचा इथेच ठेवून गेला आहे, आणि आईने तिच्यावर विळी लावायला सुरुवात केली आहे.

पुढच्या आठवड्यात ठरल्याप्रमाणे अडकित्ता. घरात जुना असेल तर त्याची खीळ सैल झाली आहे का, तेवढं बघून ठेवा.