भूकंपाचा पुनरावृत्तिकाल

एकाच प्रस्तरभंगावर होणाऱ्या दोन मोठ्या भूकंपांमधील सरासरी कालावधीस भूकंपाचा पुनरावृत्तिकाल असे म्हणतात.

गणनेची पद्धत
भूपट्टांच्या हालचालीमुळे प्रस्तरभंगालगतच्या खडकांत ताण साठत जातो. ताण खडकांच्या सहनशक्तीपलीकडे गेला की ते एकाएकी सरकतात व भूकंप होतो. हिमालयात दरवर्षी सुमारे २ सेंटिमीटर हालचाल साठत असते. एका मोठ्या भूकंपात खडक ५ मीटर सरकतात असे मानल्यास, तेवढी हालचाल साठण्यास सुमारे २५० वर्षे लागतील. प्राचीन भूकंपांचा माग प्रस्तरभंगावर खणलेल्या चरांमधील मातीच्या तुटलेल्या थरांवरून काढला जातो.

मर्यादा
पुनरावृत्तिकाल ही केवळ सरासरी असते. कॅलिफोर्नियातील सॅन अँड्रियास प्रस्तरभंगावर पार्कफील्ड येथे १८५७ ते १९६६ या काळात सहा मध्यम भूकंप सरासरी २२ वर्षांच्या अंतराने झाले. त्यावरून पुढील भूकंप १९९३ पूर्वी होईल असा अंदाज शास्त्रज्ञांनी वर्तवला होता. प्रत्यक्षात तो २००४ मध्ये झाला.

महाराष्ट्रातील स्थिती
महाराष्ट्र भूपट्टाच्या अंतर्भागात असल्याने येथे ताण अतिशय मंद गतीने साठतो. दोन मोठ्या भूकंपांतील अंतर लिखित इतिहासाहूनही दीर्घ असू शकते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी (जि. लातूर) परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला व सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. हा प्रदेश तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात गणला जात होता. दगडमातीच्या जाड भिंतींच्या घरांमुळे प्राणहानी वाढली.

कोयना येथील ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचा संबंध धरणाच्या जलाशयाशी जोडला जातो. पाण्याचा भार व खडकांत झिरपणारे पाणी यांमुळे ताण वेळेआधी मोकळा होऊ शकतो. म्हणून तेथे केवळ भूपट्टांच्या गतीवरून पुनरावृत्तिकाल काढता येत नाही.

अंबरनाथ परिसर
भारतीय मानक १८९३ च्या २०१६ मधील आवृत्तीनुसार अंबरनाथसह ठाणे परिसर भूकंपक्षेत्र ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात येतो. येथे स्मरणात मोठा भूकंप नसला, तरी किल्लारीचा अनुभव पाहता तेवढ्यावरून प्रदेश सुरक्षित ठरत नाही. त्यामुळे नव्या इमारतींचे भूकंपरोधक बांधकाम व जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी यांना महत्त्व आहे.