सवायकीची अडीचकी होते तेव्हा

मे १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रही जमले, तेव्हा मिठावरचा सरकारी कर होता मणाला एक रुपया चार आणे. म्हणजे सवा रुपया. सात वर्षांपूर्वी, १९२३ मध्ये, व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी कायदेमंडळाचा विरोध बाजूला सारून हाच कर दुप्पट केला होता, मणाला अडीच रुपये. १९२४ मध्ये तो पुन्हा सवा रुपयावर आला. धर्मानंद कोसंबींसारखे पाली भाषेचे पंडित ज्या शिरोड्याच्या सत्याग्रहात उतरले, तो या सवा रुपयाविरुद्ध होता. वि. स. खांडेकर त्या काळात शिरोड्याच्याच शाळेत मास्तर होते. १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं ते तिथं शिकवत होते, त्यामुळे सव्वाचे अडीच आणि अडीचचे पुन्हा सव्वा झाले ते त्यांच्या डोळ्यांदेखत.

या मोठ्या गोष्टीत एक छोटी गोष्ट दडलेली आहे, आणि मला तिचं फार अप्रूप वाटतं. कर दुप्पट झाला म्हणजे हिशेबात नेमकं काय बदललं? मीठ तेवढंच, मण तेवढेच, मिठागरंही तीच. बदलला फक्त एक आकडा. पण त्या वर्षीच्या वसुलीचा अंदाज कुणी कागदावर मांडून ठेवला असेल, तर त्याला प्रत्येक ओळ खोडून पुन्हा गुणाकार करावा लागला असणार. बदल एका जागचा आणि श्रम शंभर जागचे. आज एक्सेलमध्ये किंवा गूगल शीट्समध्ये हाच तक्ता करणाऱ्या माणसाला एका सेलमध्ये १.२५ च्या जागी २.५० टाइप करून एंटर दाबायचं असतं. बाकीचं शीट आपलं आपण बदलतं. हे कसं घडतं ते नीट पाहू, कारण रोज शीट वापरणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ते थांबून पाहिलेलं नसतं.

तक्ता मांडूया. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत. ए कॉलममध्ये तारीख आणि बी कॉलममध्ये किती मण मीठ बाहेर पडलं ते: बी२ मध्ये १२, बी३ मध्ये २०, बी४ मध्ये ३५, बी५ मध्ये ४८. कराचा दर बाजूला एकटा, ई१ मध्ये: १.२५. आता सी२ मध्ये कर काढायचा. साधा माणूस लिहील, =बी२*ई१. उत्तर १५. बरोबर. मग तो सेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला तो बारीक चौकोन धरून सूत्र खाली ओढतो, आणि सी३, सी४, सी५ मध्ये ओळीनं शून्य, शून्य, शून्य.

सी३ वर क्लिक केलं तर तिथं लिहिलेलं दिसतं, =बी३*ई२. बी२ चं बी३ झालं, ते हवंच होतं. पण ई१ चंही ई२ झालं. ई२ रिकामा आहे, आणि रिकाम्या सेलनं गुणलं की शून्य. ही चूक निदान डोळ्यांत भरते. समजा ई२ मध्ये कुणी आठवणीसाठी १९२३ चा दर, २.५०, लिहून ठेवला असता, तर सी३ मध्ये ५० आले असते. २० मणांवर ५० रुपये. आकडा अगदी खरा वाटणारा आणि पूर्ण खोटा. असा आकडा शून्यापेक्षा कितीतरी घातक, कारण त्याला कुणी हटकत नाही.

ई१ च्या जागी $ई$१ लिहिलं की प्रश्न मिटतो. सी२ मध्ये =बी२*$ई$१ लिहून खाली ओढा: १५, २५, ४३.७५, ६०. तिसऱ्या ओळीचे त्रेचाळीस रुपये बारा आणे. आता ई१ मध्ये २.५० टाका: ३०, ५०, ८७.५०, १२०. सव्वाचे अडीच झाले आणि चारही ओळी एका दमात बदलल्या. चार काय, एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी असतात. तेवढ्या भरलेल्या असत्या तरी बदलायचा सेल एकच.

इथपर्यंत पुष्कळांना ठाऊक असतं. $ म्हणजे कुलूप, एवढं शिकून ते पुढं जातात. मला वाटतं, खरी गंमत $ मध्ये नाहीच. ती $ नसलेल्या बी२ मध्ये आहे.

आपण बी२ लिहितो तेव्हा आपल्याला वाटतं की आपण पत्ता लिहिला. पण यंत्राच्या लेखी ती दिशा आहे. सी२ मध्ये उभं राहून बी२ म्हणणं याचा अर्थ ‘माझ्या डाव्या हाताचा सेल’. शिरोड्यात एखाद्या घराच्या पडवीत उभं राहून ‘डावीकडच्या घरातून विळा घेऊन ये’ असं सांगितलं आणि हेच वाक्य पुढच्या प्रत्येक पडवीत जाऊन उच्चारलं, तर वाक्य तेच राहतं, घर मात्र दर वेळी वेगळं. आणि ‘आरवलीच्या वेतोबाला केळी ठेवून ये’ हे वाक्य कुठल्याही पडवीतून बोला, देऊळ एकच. बी२ हे पहिल्या जातीचं वाक्य आहे, $ई$१ हे दुसऱ्या जातीचं. पुस्तकी भाषेत पहिल्याला सापेक्ष संदर्भ म्हणतात, दुसऱ्याला निरपेक्ष.

म्हणजे सूत्र खाली ओढल्यावर ते ‘बदलतं’ हा आपला दृष्टिभ्रम आहे. सूत्र बदलतच नाही! एक्सेलच्या सेटिंगमध्ये पत्ते लिहिण्याची दुसरी पद्धत निवडता येते. तिच्यात ओळीसाठी आर, कॉलमसाठी सी आणि कंसात किती पावलं ते. ती चालू केली की सी२ मधलं आपलं सूत्र असं दिसतं: =आरसी[-१]*आर१सी५. मतलब, याच ओळीतला एक घर डावीकडचा सेल, गुणिले पहिल्या ओळीचा पाचवा सेल. आता सी३ पाहा, सी४ पाहा, सी५ पाहा. सगळीकडे अक्षर न् अक्षर तेच. दहा लाख ओळी असोत, सूत्र एकच. कंस आहे तिथं पावलं मोजायची, कंस नाही तिथं ठरलेल्या जागी जायचं. $ ची सगळी भानगड इथं आरशासारखी स्वच्छ होते. मायक्रोसॉफ्टच्या १९८२ च्या मल्टिप्लॅन या प्रोग्रॅमची हीच पद्धत होती. पुढं ए, बी, सीची पद्धत लोकांच्या हातात बसली, कारण ती वाचायला सोपी. पण सोपेपणापायी तिनं हे एक सत्य झाकलं, असं माझं मत आहे. ज्याला सूत्रं खाली ओढताना नेहमी धाकधूक वाटते, त्यानं एकदा तरी ही दुसरी पद्धत चालू करून आपलं जुनं शीट उघडून पाहावं.

सापेक्ष आणि निरपेक्ष संदर्भांचा हा विचार प्रथम घरोघर पोचवला तो व्हिसिकॅल्कनं. १९७८ मध्ये हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिननं फळ्यावरचे तक्ते पाहिले. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहायचे. त्यानं आणि बॉब फ्रँकस्टननं मिळून जो प्रोग्रॅम केला तो १९७९ मध्ये ॲपल टू या संगणकावर आला. त्यात $ नव्हता. सूत्राची नक्कल करताना व्हिसिकॅल्क प्रत्येक संदर्भापाशी थांबून विचारायचा: हा जसाच्या तसा ठेवू की सापेक्ष करू? दोन संदर्भ असतील तर दोनदा विचारणार. म्हणजे निर्णय नक्कल करण्याच्या क्षणी घ्यायचा आणि पुढच्या वेळी तोच पुन्हा घ्यायचा. १९८३ च्या लोटस १-२-३ मध्ये $ सूत्राच्या आतच बसलेला दिसतो. सूत्र लिहिणाऱ्यानं लिहितानाच सांगून टाकायचं की काय हलेल आणि काय हलणार नाही. नंतर ते सूत्र कुणीही, कितीही वेळा ओढो. लिहिणाऱ्याचा हेतू सूत्राबरोबर प्रवास करतो. या $ चा पैशाशी काही संबंध नाही. ती नुसती खूण आहे.

आणि ती दोन वेगवेगळ्या जागी लागते, हे तिचं सामर्थ्य. $ई१ मध्ये कॉलम पक्का आणि ओळ मोकळी. ई$१ मध्ये ओळ पक्की, कॉलम मोकळा. हे अर्धं कुलूप कशाला हवं? त्यासाठी आपल्या आजोबांची अंकलिपी आठवा.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे हे पाढे मराठी मुलांनी पिढ्यान् पिढ्या घोकले. मणाला सवा रुपया कर असेल तर पस्तीस मणांचा किती, याचं उत्तर सवायकी पाठ असलेला माणूस कागदाशिवाय देत असे. हे सगळे पाढे एका सूत्रात मावतात. पहिल्या ओळीत बी१ पासून एच१ पर्यंत लिहा: ०.२५, ०.५, ०.७५, १.२५, १.५, २.५, ३.५. ए कॉलममध्ये ए२ पासून खाली १ ते १००. मग बी२ मध्ये: =$ए२*बी$१. आधी उजवीकडे एच पर्यंत ओढा, मग सगळी ओळ खाली शंभरपर्यंत. सातशे उत्तरं, सात पाढे, आणि लिहिलेलं सूत्र एक. उजवीकडे जाताना $ए हलत नाही, म्हणून प्रत्येक सेल आपल्या ओळीचा आकडा डाव्या कडेवरूनच घेतो. खाली जाताना $१ हलत नाही, म्हणून प्रत्येक सेल आपला पाढा माथ्यावरूनच घेतो.

दोन्ही $ विसरून नुसतं =ए२*बी१ लिहून खाली ओढलं तर काय होतं, ते मुद्दाम करून पाहा. एकाची पावकी ०.२५, बरोबर. दोनाची ०.५, तीही बरोबर. तिनाची १.५? ती पाऊण असायला हवी. चाराची ६, पाचाची ३०. आणि दहाची पावकी, जी अडीच असते, ती निघते ९,०७,२००. झालं असं की प्रत्येक सेल माथ्यावर जायचं सोडून आपल्या डोक्यावरच्या सेलपाशी गेला. तिथं आधीचं उत्तर बसलेलं. त्याला त्यानं पुन्हा गुणलं. म्हणजे १ गुणिले २ गुणिले ३ गुणिले ४ अशी साखळी तयार झाली, जिला गणितात फॅक्टोरियल म्हणतात, आणि तिचा पाव हिस्सा आपल्या पावकीत येऊन बसला. $ गळल्यामुळे पाढ्याचं दुसरंच गणित झालं, आणि तेही शिस्तशीर, सुंदर गणित! पहिल्या दोन ओळी बरोबर आल्या हे विसरू नका. वरच्या दोन ओळी तपासून शीट पुढं पाठवणाऱ्याला काहीच कळलं नसतं.

डोक्यावरच्या सेलपाशी जाणं हे पुष्कळदा हवंही असतं. रोजकीर्दीतली शिल्लक म्हणजे कालची शिल्लक, अधिक आजची जमा, वजा आजचा खर्च. तिथं $ लागतच नाही. तिसरा एक प्रकार मला सगळ्यांत देखणा वाटतो. मिठाच्या तक्त्यात डी२ मध्ये लिहा =सम($बी$२:बी२) आणि खाली ओढा. १२, ३२, ६७, ११५. आजवरची एकूण बेरीज. एक टोक खुंटीला बांधलेलं आणि दुसरं ओळीगणिक खाली चाललेलं, म्हणून बेरजेचा पट्टा आपोआप लांबत जातो.

$ बद्दल एक गैरसमज मात्र सर्रास आढळतो. तो सेलला जागेवर खिळवतो असं लोक समजतात. तसं नाही. शीटच्या माथ्यावर शीर्षकासाठी एक नवी ओळ घाला. कराचा दर ई१ मधून ई२ मध्ये सरकतो, आणि सूत्रातलं $ई$१ आपणहून $ई$२ होतं. दर कट करून दुसरीकडे पेस्ट केला तरी सूत्र त्याच्या मागोमाग जातं. $ चा हुकूम चालतो तो सूत्राची नक्कल होताना, एवढाच. सूत्रच कट करून हलवलं, तर $ नसलेले संदर्भही जसेच्या तसे राहतात. कॉपी आणि कट यांत एवढा फरक आहे, आणि तो माहीत नसल्यामुळे कितीतरी तक्ते बिघडतात.

विंडोजवर सूत्रातल्या पत्त्यावर कर्सर ठेवून एफ४ दाबत राहिलं की चारही रूपं क्रमानं येतात: $ई$१, ई$१, $ई१, ई१. काही लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावं लागतं. मोबाइलवर $ हातानंच टाइप करावा.

आणि सूत्र ओढून झालं की पहिल्या दोन ओळींवर विसंबू नका. थेट शेवटच्या ओळीवर जा, तो सेल निवडा, एफ२ दाबा. ज्या ज्या सेलमधून आकडे आले त्यांच्याभोवती रंगीत चौकटी उमटतील. दराची चौकट दराच्याच सेलभोवती आहे ना, तेवढं पाहा आणि मगच शीट पुढं पाठवा.