बाराव्या अंकाची राखण

आधार क्रमांकाचा बारावा अंक राखणदार आहे. व्हरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ साली मांडलेल्या रीतीने तो आधीच्या अकरा अंकांवरून ठरतो. टाइप करताना एखादा अंक चुकला किंवा शेजारच्या दोन वेगळ्या अंकांची अदलाबदल झाली, की हिशेब जुळत नाही आणि चूक तिथल्या तिथे सापडते.

आता एखाद्या बँकेचं काम पेगा या सॉफ्टवेअर प्लॅटफॉर्मवर चालतं असं समजा. तिथे लांबलचक प्रोग्रॅम लिहिण्याऐवजी 'असं असेल तर तसं करा' अशा धर्तीचे रूल मांडतात. खातं उघडणं, कर्जाचा अर्ज, पत्त्यातला बदल: आधार क्रमांक सगळीकडे येतो. मग हा हिशेब प्रत्येक रूलमध्ये नव्याने का लिहायचा? जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत एकच फंक्शन लिहायचं. क्रमांक घ्यायचा, हो की नाही एवढंच सांगायचं.

पेगातले बरेचसे रूल एखाद्या क्लासला, म्हणजे कामाच्या किंवा माहितीच्या एका प्रकाराला, बांधलेले असतात. फंक्शन तसं नसतं. ते लायब्ररीत राहतं आणि लायब्ररी रूलसेटमध्ये, म्हणजे रूलच्या संचात. लायब्ररी कंपाइल झाल्यावर @ चिन्ह, फंक्शनचं नाव आणि कंसात क्रमांक लिहिला की काम झालं. त्याहून सुंदर गोष्ट म्हणजे, फंक्शनची ओळख नावासोबत पॅरामीटरच्या प्रकारांवरूनही ठरते. त्यामुळे एक पॅरामीटर जास्त घेणारं नवं फंक्शन त्याच नावाने शेजारी नांदू शकतं आणि जुने रूल जुन्यालाच बोलावत राहतात. अशा फंक्शनने हाती दिलेल्या गोष्टींवरच काम करावं. आतून गुपचूप डेटाबेसकडे धावणारं फंक्शन लायब्ररीत नको, असं माझं ठाम मत आहे.

एकदा लिहून हवं तिथून बोलावण्याच्या या कल्पनेचं मूळ थक्क करणारं आहे. केंब्रिज विद्यापीठात १९४९ साली एडसॅक हा संगणक सुरू झाला. त्याची सबरूटीन्स, म्हणजे पुन्हापुन्हा वापरायचे प्रोग्रॅमचे तुकडे, छिद्रं पाडलेल्या कागदी फितींवर असत. पण एकच सबरूटीन अनेक ठिकाणांहून बोलावलं, तर काम संपल्यावर त्याने परतायचं कुठे? तिथल्या डेव्हिड व्हीलरने तोड काढली: बोलावणाऱ्याने आपला पत्ता सोबत द्यायचा. सबरूटीन त्यावरून परतीची आज्ञा स्वतःच तयार करी आणि स्वतःच्याच शेवटी लिहून ठेवी!

सबरूटीन लिहून, तपासून झालं तरी आत न डोकावता ते वापरता येईल असं वर्णन लिहिणं बाकीच असतं, आणि तेच कदाचित सर्वांत अवघड, असं व्हीलरने १९५२ साली नोंदवलं. पेगात या वर्णनाचंच एक साधन झालं आहे, फंक्शन एलियास. फंक्शनला रिकाम्या जागा असलेलं साधं वाक्य जोडून द्यायचं: 'अमुक रकान्यातला क्रमांक आधारच्या रचनेत बसतो'. जावाची एकही ओळ न येणारा बँकेतला माणूस यादीतून ते वाक्य निवडतो, रकाना भरतो आणि व्हरहूफचं नावही न ऐकता पुढची अट मांडायला घेतो.