अठरा महिन्यांचे घर

२०२५ च्या मे महिन्यात मुलीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेत मेरीलँडला गेले. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने किती दिवस राहणार, कशासाठी आलात, असे दोन प्रश्न विचारले आणि सहा महिन्यांची परवानगी दिली. मला त्याचे काहीच वाटले नाही. परतीचे तिकीट पर्समध्ये होते, पुण्यात घर होते, आणि आमच्या ह्यांनी दूधवाल्याला अर्धा लिटर कमी टाकायला सांगून ठेवले होते. पण पुढच्या पाच महिन्यांत ‘मुदत’ या शब्दाचा एक निराळाच अर्थ मला समजला. तो समजावला माझ्या थोरल्या नातवाला सांभाळणाऱ्या बाईने.

ती मूळची एल साल्वादोर या देशाची. नाव छापू नका म्हणाली, म्हणून छापत नाही. नातू तिला ‘तीया’ म्हणतो. स्पॅनिशमध्ये तीया म्हणजे मावशी किंवा आत्या. तेव्हा मीही तिला तीयाच म्हणू लागले. तिचे इंग्रजी आणि माझे इंग्रजी सारखेच मोडके, त्यामुळे आमचे फार छान जमले. ती मक्याच्या पिठात घेवडा आणि चीज भरून ‘पुपुसा’ नावाच्या जाड पोळ्या करी. मी तिला थालीपीठ शिकवले.

एके दिवशी दुपारी मुले निजल्यावर तिने पर्समधून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आपण रेशनकार्ड जपतो तशी जपलेली. आत काम करण्याच्या परवान्याचे कार्ड होते, आणि त्यावर छापलेली तारीख केव्हाच उलटून गेली होती! मी चपापले. ती हसली आणि कार्डामागे घडी घालून ठेवलेली छापील पाने तिने उलगडली. सरकारने राजपत्रात मुदत वाढवल्याची ती सूचना होती.

“कार्ड म्हणते संपले, कागद म्हणतो चालू आहे,” ती म्हणाली. “पण मोटारीच्या परवान्याच्या खिडकीवरचा माणूस कार्ड वाचतो, कागद वाचत नाही.”

त्या खिडकीवर तिला तीन हेलपाटे पडले होते.

हा काय प्रकार आहे, हे मी मग जावयांना विचारून आणि वाचून समजून घेतले. १९९० साली अमेरिकेने एक कायदा केला. एखाद्या देशात युद्ध किंवा नैसर्गिक उत्पात झाला, तर त्या देशाची जी माणसे आधीच अमेरिकेत आहेत त्यांना परत धाडू नये; सहा ते अठरा महिने त्यांना राहू द्यावे, काम करू द्यावे; आणि मुदत संपण्याच्या निदान साठ दिवस आधी तिकडची परिस्थिती पाहून ती वाढवावी किंवा संपवावी. याचे नाव ‘टेंपररी प्रोटेक्टेड स्टेटस’, थोडक्यात टी. पी. एस. त्याचा पहिला लाभ एल साल्वादोरच्याच लोकांना मिळाला, कारण तेव्हा तिथे यादवी युद्ध चालू होते.

एल साल्वादोर म्हणजे केवढा देश? आपले रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे तीन जिल्हे एकत्र केले तर साधारण तेवढा. आणि जुन्या कोकणासारखाच तोही मनिऑर्डरवर जगतो. परदेशातल्या माणसांनी धाडलेला पैसा त्या देशाच्या उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक भरतो. १३ जानेवारी २००१ रोजी तिथे मोठा भूकंप झाला आणि बरोबर एका महिन्याने दुसरा. हजाराच्या वर माणसे गेली. आपल्याला त्याची आठवण नाही, कारण तेरा दिवसांनी, २६ जानेवारीला, भूज हादरले आणि आपले सारे लक्ष तिकडे लागले.

९ मार्च २००१ रोजी एल साल्वादोरला हे संरक्षण पुन्हा मिळाले. अट अशी की, माणूस १३ फेब्रुवारी २००१ पासून अमेरिकेत राहत असला पाहिजे. नंतर आलेल्याला ते लागू नाही. म्हणजे या कार्डावर जगणारा प्रत्येक साल्वादोरी माणूस निदान तेव्हापासून तिथेच आहे. २०२५ साली असे दीड लाखाहून अधिक लोक होते.

मुदत वाढली की दरवेळी नवा अर्ज, नवी फी आणि गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी. एक मोठा गुन्हा किंवा दोन किरकोळ गुन्हे निघाले की नाव कटले. तीयाने हे सगळे इतक्या वेळा केले आहे की, ‘बोटांचे ठसे आता माझ्यापेक्षा सरकारलाच अधिक ओळखीचे झाले असतील,’ असे ती गमतीने म्हणते.

८ जानेवारी २०१८ रोजी सरकारने जाहीर केले की, हे संरक्षण ९ सप्टेंबर २०१९ ला संपेल. लोक कोर्टात गेले. फिर्यादींमध्ये अमेरिकेत जन्मलेली, म्हणजे जन्मानेच नागरिक असलेली, त्यांची मुलेही होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये सॅनफ्रान्सिस्कोच्या न्यायालयाने स्थगिती दिली, २०२० मध्ये वरच्या न्यायालयाने सरकारच्या बाजूने कौल दिला, २०२३ मध्ये नव्या सरकारने तो संपवण्याचा निर्णयच मागे घेतला. जानेवारी २०२५ मध्ये मुदत ९ सप्टेंबर २०२६ पर्यंत वाढली. आणि मी तिथे असताना, त्याच उन्हाळ्यात, होंडुरास, निकाराग्वा आणि नेपाळ यांचे संरक्षण संपवल्याची घोषणा झाली. १९९८ च्या चक्रीवादळानंतर पहिल्या दोन देशांना आणि २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळला ते मिळाले होते. तीयाची होंडुरासची मैत्रीण त्या दिवशी फोनवर नुसती रडत होती. तीया तिला धीर देत होती, आणि दुसऱ्या हाताने माझ्या नातवाला भात भरवत होती.

मी विचारले, “इतकी वर्षे झाली, मग कायमचे नागरिकत्व का नाही मागत?”

तिची मुलगी नर्स आहे, तिथेच जन्मलेली. एकवीस वर्षांवरच्या नागरिक मुलीला आईसाठी अर्ज करता येतो. पण तीया मुळात परवान्यावाचून सीमा ओलांडून आलेली. ७ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, असे संरक्षण मिळाले म्हणून मूळचा प्रवेश रीतसर होत नाही. तो खटलाही एका साल्वादोरी जोडप्याचाच होता. देशाबाहेर जायचे तर आधी वेगळी परवानगी काढावी लागते. तीयाची आई वारली तेव्हा ती परवानगी हाती येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. तिने अंत्यविधी फोनवर पाहिला.

यावर तिथले बरेच लोक म्हणतात की, तात्पुरते म्हणून दिले होते, ते तात्पुरतेच राहिले पाहिजे. भूकंपाला आता पंचवीस वर्षे होत आली. हे म्हणणे मला अगदीच चुकीचे वाटले नाही. पण मला माझे लहानपण आठवले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आमचा वाडा नदीकाठी होता. आम्हाला पत्र्याच्या अर्धगोल घरात ठेवले. साहेबांनी सांगितले, तात्पुरते आहे. आईने आठवड्याभरात दारापुढे तुळस लावली. वडील चिडले, “अगं, इथून जायचंय आपल्याला!” आई म्हणाली, “जाऊ तेव्हा कुंडी उचलून नेऊ.” आम्ही तिथे सात वर्षे राहिलो. त्या वर्षांत माझी शाळा झाली आणि थोरल्या बहिणीचे लग्नही त्याच घरातून झाले. ‘तात्पुरते’ हा शब्द कोणी परत घेतला नाही, आणि आमच्याही मनात तो राहिला नाही.

सरकार पाव शतक मुदत वाढवत राहते, तेव्हा माणसांनी संसार मांडला म्हणून त्यांना दोष कसा द्यावा? संपवायचे असेल तर वेळीच संपवावे, ठेवायचे असेल तर रीतसर ठेवून घ्यावे. ते काम त्यांच्या संसदेचे. तिच्या कनिष्ठ सभागृहाने २०१९ आणि २०२१ मध्ये अशा लोकांना कायमचे करण्याचे विधेयक संमत केलेही, पण सिनेटमध्ये ते पुढे सरकले नाही.

आमच्या मुलीच्या घरीही एक फाइल आहे. नोकरीच्या व्हिसाची मुदत दर तीन वर्षांनी वाढवायची, आणि ग्रीन कार्डाच्या भारतीयांच्या लांबलचक रांगेत उभे राहायचे. पूर्वी मी तिच्यावर ओरडायची, “अगं, भिंतींना एकदा रंग तरी द्या!” आता ओरडत नाही.

तीयाचे स्वतःचे लहानसे घर आहे, तीस वर्षांच्या कर्जाचे. त्यातली सोळा फिटली. छप्पर गळत होते. नवे करायला बराच खर्च. पैसे साठवलेले होते, पण पुढच्या सप्टेंबरनंतर काय, म्हणून ती वसंतापासून चालढकल करत होती. ऑक्टोबरात माझी निघण्याची वेळ आली तेव्हा तिने सांगितले, “माणसे सोमवारी येणार आहेत. छप्पर बदलून घेते.”

“आणि पुढे?” मी न राहवून विचारले.

“पाऊस तर आत्ताच येतो आहे,” ती म्हणाली आणि नातवाच्या पायांत मोजे चढवू लागली.