एल, एन आणि व्ही : एकाच अक्षराची माणसं

(एपिसोड ऐकायला वेळ नाही अशांसाठी हा लेखी अवतार. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जमतील तेवढे काढलेत. ‘डेथ नोट’ बघायची राहिली असेल तर आधी ती बघून या, पुढे स्पॉइलर आहेत.)

हेडफोन लावलेत ना? मी के, आणि आजचा विषय तुमच्यातल्याच एकाने मेसेजमध्ये दिलाय : ॲनिमे आणि गेम्समधल्या कॅरेक्टर्सना नाव म्हणून नुसतं एक अक्षर का देतात? लेखकांना नावं सुचत नाहीत की काय?

सुचतात हो. पण एका अक्षरावर थांबण्याचं कारण दर वेळी वेगळं असतं. आज तीन उदाहरणं घेऊ. आणि मी ‘के’ कशी झाले, हे तुम्ही कितीदा विचारलंय, तेही शेवटी सांगते.

पहिला अर्थातच एल. ‘डेथ नोट’ ही मांगा त्सुगुमी ओबा यांनी लिहिली आणि ताकेशी ओबाता यांनी चितारली. २००३ ते २००६ या काळात ती जपानमध्ये ‘वीकली शोनेन जंप’मध्ये आली, मग मॅडहाउस स्टुडिओने तिचा ३७ भागांचा ॲनिमे केला. गोष्टीचा नियम तुम्हाला पाठ असेल : वहीत ज्याचं नाव लिहिलं, तो मेला. पण नुसतं नाव पुरत नाही. लिहिताना त्याचा चेहराही डोळ्यांसमोर हवा. मरणाचं कारण लिहिलं नाही तर ४० सेकंदांत हार्ट अटॅक.

आता सांगा, अशा जगात खुन्याच्या मागावर निघालेला डिटेक्टिव्ह काय करेल? नाव आणि चेहरा, दोन्ही लपवेल. म्हणून सुरुवातीला आपल्याला स्क्रीनवर फक्त जुन्या वळणाचं एक अक्षर दिसतं आणि बदललेला आवाज ऐकू येतो.

तो टीव्हीवाला सीन आठवतो? लिंड एल. टेलर नावाचा माणूस ‘मीच एल’ म्हणून कॅमेऱ्यासमोर किराला आव्हान देतो. लाइट चिडतो, त्याचं नाव लिहितो, माणूस तिथेच कोसळतो. मग खरा एल बोलतो. मेला तो मृत्युदंड झालेला कैदी होता. आणि जगभर चाललंय म्हणून सांगितलेलं प्रक्षेपण फक्त जपानच्या कांतो भागात दाखवलं होतं. म्हणजे किरा तिथलाच! वर एल म्हणतो, आता मला मारून दाखव. लाइटला ते जमत नाही, कारण त्याच्याकडे ना नाव आहे ना चेहरा. एका सीनमध्ये एलला किराचा पत्ताही कळला आणि मर्यादाही.

आता गंमत ऐका. २००६ साली या मालिकेचं एक माहितीपर पुस्तक आलं, त्यात एलचं खरं नाव दिलंय : एल लॉलिएट. म्हणजे ‘एल’ हे टोपणनाव नव्हतंच! बिचाऱ्याने अर्धं खरं नाव पहिल्यापासून उघड्यावर ठेवलं होतं आणि तेवढ्याने कुणाचं काम भागलं नाही. शेवटी रेमने, म्हणजे चेहरा बघूनच नाव कळणाऱ्या शिनिगामीने, ते लिहिलं तेव्हा तो गेला.

दुसरा एन. ‘पोकेमॉन ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’, २०१०, निन्टेंडो डीएसवरचे गेम. याचं पूर्ण नाव नॅचरल हार्मोनिया ग्रोपियस. गणितात नैसर्गिक संख्यांच्या संचाला एन म्हणतात, आणि या पोराला आकड्यांचं वेडही आहे. गेट्सिसने त्याला लहानपणापासून माणसांपासून दूर ठेवलं आणि माणसांनी दुखावलेल्या पोकेमॉनसोबत वाढवलं. का, तर सगळे ट्रेनर दुष्टच असतात असं त्याला वाटावं म्हणून. एलने लपायचं स्वतः ठरवलं होतं. एनच्या बाबतीत सगळं दुसऱ्यानेच ठरवलं. मला तर ते एक अक्षर अर्धवट वाढू दिलेल्या मुलासारखं वाटतं.

तिसरं नाव व्ही. ‘सायबरपंक २०७७’, पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा गेम, १० डिसेंबर २०२०ला आला. इथे हिशेब सरळ आहे. गेममधले संवाद आधीच रेकॉर्ड केलेले असतात. तुम्ही टाइप केलेलं ‘पिंट्या’ हे नाव कलाकार कसं उच्चारणार? शिवाय हिरो पुरुष की बाई, हेही तुम्हीच निवडता. व्ही म्हणजे विन्सेंट किंवा व्हॅलरी. हाक एकच, दोघांनाही चालते.

आता माझं. कॉलेजला असताना मी मोबाइलवर एक शूटिंग गेम खेळायचे. आयडी काय, तर माझं नाव आणि आडनाव. एका रात्री हरलेल्या टीममधला एक मुलगा व्हॉइस चॅटवर खूप घाण बोलला. मी म्यूट केलं आणि झोपले. दुसऱ्या दिवशी इन्स्टावर मेसेज. माझ्या कॉलेजच्या गेटचा फोटो, खाली ‘किती वाजता सुटतेस?’

त्याच्याकडे वही नव्हती, फोन होता. नावावरून त्याला चेहरा मिळाला, चेहऱ्यावरून कॉलेज. पुढचे दोन आठवडे दादा रोज मला न्यायला यायचा. मी स्क्रीनशॉट काढून ठेवले, घरी सांगितलं, तक्रार केली, आणि आयडी बदलून ‘के’ केला. मित्र हसले, ‘के म्हणजे काय, ओके?’

खरं सांगू? सुरुवातीला राग यायचा. मॅच जिंकले की स्क्रीनवर ‘के’ झळकायचं, आजीने ठेवलेलं माझं नाव नाही. चूक त्याची आणि नाव मी लपवायचं, हे मला अजूनही पटत नाही. पण एल बघताना एक कळलं. तो लपून गप्प बसला नाही, लपून लढला. मीही खेळणं सोडलं नाही. हा पॉडकास्टही ‘के’ म्हणूनच सुरू केला. ओळखीच्या माणसांना नाव मी स्वतः सांगते, कधी सांगायचं तेही मीच ठरवते.

तेव्हा मंडळी, तुमच्या आयडीत पूर्ण नाव असेल तर आज झोपायच्या आधी बदलून टाका. आणि असा मेसेज आलाच, तर डिलीट करू नका, जपून ठेवा आणि घरात कुणाला तरी लगेच दाखवा.

भेटू पुढच्या भागात. तुमचीच, के.